लेकीचा दवाखाना

दवाखाना म्हणायचं नाही, असं लेकीनं मला बजावून सांगितलं आहे. डॉक्टरीण म्हणायचं नाही, पेशंट म्हणायचं नाही, आणि औषध तर मुळीच म्हणायचं नाही. "आई, एखाद्या दिवशी तुझ्या तोंडून चारचौघांत निघून जाईल नि पंचाईत माझी होईल," म्हणते. मग म्हणायचं तरी काय? तर ती 'प्रॅक्टिशनर', तिच्याकडे येतात ते 'क्लायंट', आणि ती देते तो 'सल्ला'. आता मी मुदखेडच्या वैद्याची सून. माझ्या जिभेला या वयात हे वळण लागायचं कसं? तेव्हा मैत्रिणींनो, या लेखात मी आपली दवाखानाच म्हणणार आहे. अमेरिकेतून इथे मला कोण पकडायला येतंय!

लग्न होऊन मी मुदखेडला आले ती १९७७ साली. तेव्हा गाडी मीटरगेजची. जंक्शन म्हणून गावाचा तोरा मोठा. एक लोहमार्ग हैदराबादकडे, दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला. पहाटे स्टेशनावर फुलांच्या करंड्या लागलेल्या असायच्या, गुलाब, काकडा, झेंडू, नि त्यांच्या वासातच किनवटकडची माणसं पोती घेऊन उतरायची. हिरडा, बेहडा, आवळा, बिब्बा, डिंक. स्टेशनावरून निघायची ती थेट आमच्या ओट्यावर यायची, कारण मामंजी रोख पैसे देत आणि वर चहा पाजत.

मामंजी म्हणजे माझे सासरे. शिक्षण जुन्या पद्धतीचं, पाटी नाही, बोर्ड नाही. पण माल घेताना असे चोखंदळ की विकणारा घामाघूम व्हायचा. हिरडा पाण्यात टाकून बघायचे; बुडाला तरच चांगला. भस्माचं नेमकं उलटं. चिमूटभर पाण्यावर टाकलं की तरंगलं पाहिजे, आणि बोटांत चोळलं की रेघांमध्ये शिरून बसलं पाहिजे. नवी नवरी असताना मला याची मोठी गंमत वाटायची. बुडतं ते चांगलं की तरंगतं ते चांगलं, एकदा काय ते ठरवा की, असं मी मनात म्हणायची.

भस्मांचं एक लहान कपाट होतं, त्याला कुलूप, आणि किल्ली मामंजींच्या जानव्याला. त्यात एका बुधल्यावर 'नाग' असं लिहिलेलं. मी सासूबाईंना विचारलं, हे सापाचं औषध का? त्या म्हणाल्या, "शिसं आहे ते. हात लावू नको." मामंजी ते क्वचित देत. लहान मुलाला नि पोटुशीला तर त्या कपाटातलं काहीही मिळायचं नाही, मग आणणारा तालुक्याचा मोठा माणूस का असेना.

आणि वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दुकानदाराची असते तशी. आलेल्याचं नाव, गाव, नाडी, जीभ, झोप, भूक, शौचाचं, दिलं काय, खायला सांगितलं काय. शेवटच्या रकान्यावर लिहिलेलं असे, 'पुढे काय झालं'. रोगी परत आला नाही तर मामंजी संध्याकाळी स्टेशनावर जाऊन त्या गावच्या माणसाला गाठत, "तुमच्या सोयऱ्याचा खोकला कसा आहे?" म्हणून विचारत, नि घरी येऊन रकाना भरत. कधी कुणाची नाडी बराच वेळ धरून बसत आणि मग हात खाली ठेवून म्हणत, "हे माझ्या वहीतलं नाही. उद्याच्या पॅसेंजरनं नांदेडला मोठ्या दवाखान्यात जा." भाड्याला पैसे नसले तर तेही देत. सासूबाई आतून भांडी आपटत.

माझ्या दोन्ही लेकी सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीवर वाढल्या. हळकुंड, हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, बदाम, खारीक. कशाचे किती वेढे ते सासूबाई ठरवायच्या, आज पोट दुखतंय तर मुरुडशेंगेचे दोन जास्त, झोप नाही तर जायफळाचा एक. थोरली तर आजोबांच्या मांडीलाच चिकटलेली. शाळेतून आली की वही पुढे ओढायची नि मोठ्यानं वाचायची. मामंजी १९९६ साली गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तेराव्याला पाहुण्यांसमोर म्हणाली, मी वैद्य होणार. कुणी हसलं, कुणी कौतुक केलं. मी काहीच बोलले नाही, पण वही मात्र माझ्या लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवली.

पुढे नांदेडला वजिराबादेतल्या सरकारी आयुर्वेद महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. साडेचार वर्षं अभ्यास आणि वर्षाची इंटर्नशिप. प्रेतं फाडण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं केलं पोरीनं. रोज मुदखेडहून जा-ये. तिच्या वर्गातली बहुतेक मुलं बी.ए.एम.एस. झाल्यावर सुई नि सलाईनचा दवाखाना थाटून बसली. दोष कुणाला देणार? खेडेगावात एम.बी.बी.एस. यायला तयार नाही, आणि आमच्याकडचा रोगीही सुई टोचल्याशिवाय पैसे काढत नाही. शेजारच्या काकूच म्हणायच्या, "नुसतं चूर्ण देऊ लालीस व्हय गं माय? येक सुई तरी मार की!" लेकीच्या मनात मात्र आजोबांच्या ओट्यावरच बसायचं होतं.

तेवढ्यात स्थळ आलं. जावई कॉम्प्युटरमधले, निर्व्यसनी, घरचे ओळखीचे. २००६ साली लग्न झालं नि ती कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ जाऊन राहिली.

तिथल्या व्हिसाचं मला तेव्हा काय कळत होतं! नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तिथे नोकरी करायची परवानगी नव्हती. घर सांभाळा, शिका, देवळात फुकट सेवा करा, पण कायद्यानं एक डॉलर कमवायचा नाही. अशी नऊ वर्षं गेली. ती परवानगी मिळाली २०१५ च्या मे महिन्यानंतर, तीही नवऱ्याचे हिरव्या कार्डाचे कागद एका टप्प्यापर्यंत पोचलेले असतील तर. आपल्याकडच्या किती शिकलेल्या मुली त्या काळात तिथे पोळ्या लाटत नि खिडकीतून बघत बसल्या असतील! आपल्याला फोटोत फक्त मोटार दिसायची.

बरं, परवानगी असती तरी पदवीला किंमत नव्हती. एम.बी.बी.एस. झालेला तिथल्या परीक्षा देतो, जिवाचं रान करतो, पण एक दिवस डॉक्टर म्हणून उभा राहतो. नर्सला परीक्षा आहे, दातांच्या डॉक्टरला आहे. आयुर्वेदाला अमेरिकेतल्या एकाही राज्यात परवाना नाही. म्हणजे माझ्या लेकीला नापास व्हायलासुद्धा परीक्षा नव्हती! प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली. विषय काढला की म्हणायची, "आई, भाजी काय केलीस आज?"

आता मी जे सांगणार आहे ते सांगू की नको, असं मला किती दिवस वाटत होतं. लेकीनंच सांगितलं, लिही.

२०१४ च्या जूनमध्ये मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले. नातू आठ महिन्यांचा होता. बाळगुटीचं सगळं सामान नि सहाण न्यायची म्हणून मी काढून ठेवलं होतं. मग घरातले सगळे ओरडले, विमानतळावर मुळ्या बघून अडवतील, आणि तो दगड कुठे वागवत नेतेस! तेव्हा मी काय केलं, तर आदल्या महिन्यात एका जत्रेत झाडपाल्याच्या दुकानावर बाळासाठी म्हणून गोळ्या मिळत होत्या, त्या दोन डब्या घेतल्या. दात येताना, पोट फुगलं तर, झोपेसाठी, रोज एक दुधात. विकणारा म्हातारा माणूस, कपाळाला गंध, बोलणं मामंजींसारखं. डबीवर ना नाव, ना गाव. मला त्याचंच बरं वाटलं. म्हटलं, हे जुनं, खरं दिसतंय.

रोज सकाळी मीच गोळी कुटून द्यायची. लेक बघायची. बाळ शांत झोपायचं, आम्हाला दोघींना समाधान.

ऑक्टोबरात वर्षाचा झाला तेव्हा तिथल्या पद्धतीप्रमाणे त्याचं रक्त तपासलं, आणि त्यात शिसं निघालं. एक दशांश लिटर रक्तात १६ मायक्रोग्रॅम. त्या वेळी तिथे ५ च्या वर गेलं की घरच्यांना सावध करत. आता तर ती रेघ ३.५ वर आणली आहे. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा जवळजवळ तेवढंच. मग सरकारी आरोग्य खात्याकडून एक नर्सबाई घरी आल्या. चाळिशीच्या, हसऱ्या. खिडक्यांचा रंग पाहिला. पण घर नवं होतं, आणि घरांच्या रंगात शिसं घालायला तिथे १९७८ पासूनच बंदी आहे. खेळणी पाहिली, भांडी पाहिली. काजळ आहे का, शेंदूर आहे का, मसाले नि हळद कुठून आणता? लेक उत्तरं देत होती. मग त्यांनी विचारलं, घरगुती औषध काही देता का?

मला तेवढं इंग्रजी कळलं. मीच उठले नि मोठ्या अभिमानानं डबी आणून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती पिशवीत घातली, वर तारीख लिहिली. विचारलं, हे कुणी सांगितलं, डॉक्टरनी? लेक म्हणाली, "नाही, माझ्या आईनं भारतातून आणलं." मग त्यांच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय म्हणून रकाना होता. लेकीनं एकदा माझ्याकडे पाहिलं नि म्हणाली, "गृहिणी." साडेपाच वर्षं शिकलेली माझी पोर. शिकले आहे हे सांगायची तिला त्या घटकेला लाज वाटली.

गोळ्यांत शिसं निघालं. चांगलंच निघालं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. म्हणजे जेवायला वाढत होती, चहा देत होती, पण बोलली नाही. तिसऱ्या रात्री बाळ झोपल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आता मला बोलणार. तर म्हणाली, "आजोबांनी ही गोळी दिली असती का गं?" मी मान हलवली. "त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं, यात काय आहे. मी विचारलं नाही. मी, शिकलेली! तू आणलंस म्हणून मी विचारलं नाही." आणि मग आम्ही दोघी रडलो. मी तर त्या गंध लावलेल्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या! पण खरं सांगू? डबी मी उचलली होती.

बाळाला काही औषध द्यावं लागलं नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, शिसं बरंच जास्त असेल तरच शरीरातून ओढून काढायचं औषध देतात. इथे उगम बंद करा, लोह नि कॅल्शियम मिळेल असं खायला घाला, आणि रक्त तपासत राहा. फेब्रुवारीत आकडा ९ वर आला, पुढच्या पावसाळ्यात ५ च्या खाली. आज तो धडधाकट आहे, माझ्यापेक्षा उंच व्हायला आला आहे. पण शिशाचं हे असं आहे की लहान मुलाच्या मेंदूला अमुक इतकं चालतं असं प्रमाणच नाही, नि झालेलं नुकसान वरून दिसतं असंही नाही. आजही तो गणितात चुकला की माझ्या पोटात गोळा येतो. सगळीच मुलं चुकतात, हे मला कळतं. तरी येतो.

मुदखेडला परत आल्यावर मी कुणालाच सांगितलं नाही. एकदा धीर करून भजनी मंडळात विषय काढला, तर सगळ्या उलट माझ्यावर धावून आल्या. "गोऱ्यांचा डाव आहे हो, आपलं आयुर्वेद बुडवायला बसलेत!" मलाही आधी असंच वाटलं होतं. लेकीनं मला तिथल्या वैद्यकीय मासिकातला लेख वाचून दाखवला होता. २००४ साली बोस्टनच्या आसपासच्या आपल्या किराणा दुकानांतून ७० आयुर्वेदिक औषधं विकत घेऊन तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. पुन्हा २००८ साली इंटरनेटवर विकली जाणारी १९३ औषधं पाहिली, तर त्यातही पाचातलं एक तसंच. मी लगेच म्हटलं, बघ, मुद्दाम आपलीच पकडतात! तर म्हणाली, "त्यात अमेरिकेत बनवलेली पण होती, आई. त्यांचीही तितकीच खराब निघाली."

मी हळदीचा मुद्दा काढला. तुम्हाला आठवत असेल, १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं हळदीनं जखम भरते याचं पेटंट घेतलं होतं. आमच्या नांदेड भागात पोत्यांनी हळद पिकते, बोट कापलं की शेंबडं पोरसुद्धा हळदीच्या डब्याकडे धावतं, आणि शोध यांचा! डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या कौन्सिलनं ते पेटंट लढून १९९७ साली रद्द करून घेतलं, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. लेक म्हणाली, "ते आपण जिंकलो कारण छापलेला पुरावा पुढे ठेवला. जुने ग्रंथ, जुना शोधनिबंध. आपल्या डबीवर काय लिहिलेलं होतं?"

काय बोलणार यावर?

२०१५ साली तिला काम करायची परवानगी मिळाली नि ती नव्यानं शिकायला बसली. आयुर्वेदच, पण तिथल्या मुलींबरोबर. पहिल्यांदा फार चिडायची. वर्गात योग शिकवणाऱ्या बाया, एक हॉस्पिटलातली नर्स, एक निवृत्त मास्तरीण. त्यांच्या तोंडून वात-पित्त-कफ ऐकताना हसू यायचं म्हणे. नाडी कशी धरतात बघून तर चडफडायची. आणि मग एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, नांदेडला मी रोग शिकले. इथे माणसाशी बोलायचं शिकते आहे, आणि कुठे थांबायचं ते." एक अख्खा विषय म्हणे फक्त याचा, की कुठलं लक्षण दिसलं की आपण हात मागे घ्यायचा नि डॉक्टरकडे पाठवायचं. मला मामंजींची पॅसेंजर आठवली.

तिथे आयुर्वेद काही कालपरवा गेलेला नाही. पुण्याचे डॉ. वसंत लाड १९७९ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९८४ साली त्यांनी न्यू मेक्सिको राज्यात आयुर्वेदाची संस्था काढली, त्याच वर्षी त्यांचं इंग्रजी पुस्तकही आलं. कॅलिफोर्नियात १९९५ पासून आयुर्वेदाचं कॉलेज आहे. तिथल्या आयुर्वेदवाल्यांची देशभराची संघटना २००० साली सुरू झाली. तिनं तीन पायऱ्या ठरवल्या आहेत, आरोग्य-सल्लागार, प्रॅक्टिशनर, आणि आयुर्वेदिक डॉक्टर. पण ही संघटनेची मान्यता, सरकारची नव्हे. माझी लेक मधल्या पायरीवर उभी आहे.

आणि आणखी मागे जायचं तर आपल्या आनंदीबाई जोशी! १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. पण त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर, हे मला लेकीनं सांगेपर्यंत माहीत नव्हतं. त्यांचा फोटो तिनं आपल्या खोलीत लावला आहे.

२०१८ मध्ये मी पुन्हा गेले तेव्हा ती खोली पाहिली. योगवर्गाच्या मागची एक खोली, आठवड्यातून दोन दिवस भाड्यानं. दारावर तिचं नाव, नावापुढे डॉक्टर नाही. तिथे परवान्याशिवाय तसं लावणं म्हणजे गुन्हा. पहिल्या भेटीला प्रत्येकाच्या हातात एक कागद. कॅलिफोर्नियात २००३ पासून एक कायदा आहे, त्याप्रमाणे परवाना नसलेल्यालाही आयुर्वेदासारखं काम करता येतं. पण आधी लेखी सांगायचं, की मी परवानाधारक डॉक्टर नाही, या कामाला राज्याचा परवाना नाही, मी काय करते, कशाच्या आधारावर करते, माझं शिक्षण काय. समोरच्याची सही घ्यायची नि कागद तीन वर्षं जपून ठेवायचा. सुई लावायची नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं द्यायची नाहीत, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करा असं तर चुकूनही सांगायचं नाही. वनस्पतींची चूर्णं तिथे १९९४ च्या कायद्याप्रमाणे अन्नाला पूरक म्हणून विकतात. यानं अमुक रोग बरा होतो असं डब्यावर लिहायला बंदी. लेक देते त्या प्रत्येक चूर्णाचा, धातू तपासल्याचा कागद तिच्या फाइलीत असतो. ज्याचा कागद मिळत नाही ते ती देत नाही, मग ते आपल्याकडलं कितीही नामांकित असो.

मी कोपऱ्यात बसून (त्या बाईंची परवानगी काढून, बरं का!) एकदा तिचं काम पाहिलं. साठीच्या एक गोऱ्या बाई आल्या होत्या, झोप येत नाही म्हणून. सव्वा तास! जेवता कधी, काय, गरम की गार, मुलं कुठे असतात, रात्री जाग येते तेव्हा काय आठवतं. बाई बोलता बोलता डोळे पुसायला लागल्या. लेकीनं नाडी पाहिली, जीभ पाहिली, लिहीत गेली. शेवटी रात्रीचं जेवण लवकर, पायांना कोमट तेल, एवढं सांगितलं. आणि म्हणाली, तुमचं वजन उतरलंय, हात थरथरतो, छाती धडधडते म्हणता. आधी तुमच्या डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड तपासा, मग पुढच्या वेळी चूर्णाचं बघू. बाई गेल्यावर मी म्हटलं, "अगं, अशानं गिऱ्हाईक हातचं जाईल!" ती हसली. महिन्यानं त्या बाई परत आल्या, थायरॉइडच निघालं होतं. डॉक्टरांची गोळी चालू होती, तेल-मालिश लेकीचं. नंतर आपल्या दोन मैत्रिणींनाही घेऊन आल्या.

तिच्या वहीत शेवटचा रकाना आहे. इंग्रजीत आहे, पण मी ओळखला.

पैसा म्हणाल तर फार नाही. विमा आयुर्वेदाचे पैसे देत नाही, त्यामुळे येतो तो खिशातून देणारा, म्हणजे बरी परिस्थिती असलेलाच. गरिबाला ते परवडत नाही, हे तिला खुपतं. मामंजी तांदळावर, शेंगांवर औषध द्यायचे. म्हणूनच तिला परवाना हवा आहे. चिनी सुयांच्या उपचाराचं बघा, म्हणते. १९७३ साली नेवाडा राज्यानं त्यांना पहिल्यांदा परवाना दिला, नि पुढे बहुतेक राज्यांनी दिला. त्यांनी शाळा नीट केल्या, परीक्षा एक केली, सुया एकदाच वापरायच्या केल्या. आयुर्वेदाचं का होऊ नये? स्वित्झर्लंडमध्ये तर २०१५ पासून निसर्गोपचाराच्या सरकारी पदविकेत आयुर्वेद ही एक शाखा आहे.

पण आपसांतच एकमत नाही हो. इकडून शिकून गेलेले म्हणतात, आमची साडेपाच वर्षं नि त्यांचे थोडे महिने एका तागडीत कसे घालता? तिकडचे म्हणतात, तुमच्या पदवीत आमच्या कायद्याचं, आमच्या औषधांचं काय शिकवतात? आणि ज्यांनी नुसता छोटा वर्ग केलाय त्यांना भीती, की परवाना आला तर आपलं दुकान उठेल. लेक या सभांना जाते नि फोनवर सगळं सांगते. मला वाटतं, भीती वाटतेय त्यांचीच भीती खरी आहे, आणि तरीही परवाना यायला हवा. दुकान उठलं तर उठू दे. माझ्यासारखी एखादी आजी जत्रेतल्या म्हाताऱ्याच्या कपाळाचं गंध बघून डबी उचलते, तिला दुसरं काय अडवणार? मी हे बोलून दाखवलं तर लेक म्हणाली, "आई, तू सभेला ये."

परवा आमच्या गल्लीतल्या एकीची सून बाळंतीण व्हायची म्हणून ती न्यू जर्सीला निघाली. बॅगेत काय काय घालू, विचारायला आली. मी तिला सगळं सांगितलं, नातवाचं, नर्सबाईंचं, १६ चा आकडा. पहिल्यांदाच घराबाहेर कुणाला सांगितलं. डबी, पुडी, जिच्यावर बनवणाऱ्याचं नाव नि आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती न्यायची नाही. शेंदूर, सुटं काजळ बाळाजवळ नको. भस्माचं काहीही नको. आणि तिथल्या डॉक्टरला, आम्ही हे देतो आहोत, असं सांगायला लाजू नका. ती ऐकून घेत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की डबी तिनं आधीच घेतली आहे. "मुलीची शपथ," मी म्हटलं, "घरी जाऊन बघ." संध्याकाळी ती डबी घेऊन आली नि माझ्या ओट्यावर ठेवून गेली. माझ्या डबीसारखीच होती.

या डिसेंबरात मी पुन्हा जाणार आहे. धाकटीनं, लेकीच्या नणंदेनं, सगळ्यांनी याद्या दिल्या आहेत. लेकीनं फक्त दोन गोष्टी मागितल्या, एक आजोबांची वही आणि दुसरी सहाण. म्हटलं, "अगं, आता कुणाला उगाळायचं आहे? पोरगा बारा वर्षांचा झाला!" म्हणाली, "खोलीत ठेवायची आहे. येणाऱ्या बायका विचारतात, तुमच्याकडे बाळांना काय देतात. कसं उगाळतात ते दाखवीन, द्यायचं नाही." मी सहाण घासून धुतली, फडक्यात गुंडाळली नि वाण्याच्या काट्यावर नेऊन वजन केलं. पावणेतीन किलो भरली. हे म्हणतात, तेवढ्यात लोणच्याच्या दोन बरण्या मावल्या असत्या.